प्लाझ्मा घेतलेले रुग्ण बरे होत होते, मग प्लाझ्मा थेरपी बंद का झाली?

एप्रिल 2021. फेसबुक उघडा, ट्विटर उघडा, नाहीतर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सगळीकडे एकच हाक होती. 'अर्जंट, प्लाझ्मा डोनर हवा.' खाली रक्तगट, हॉस्पिटलचं नाव आणि कुणाच्या तरी मुलाचा किंवा जावयाचा नंबर.

गंमत (तिला गंमत म्हणवत नाही) अशी, की प्लाझ्माचा फायदा दिसत नाही हे आपल्याच देशातल्या अभ्यासानं सहा महिने आधी सांगितलं होतं.

मग 'आमच्या काकांना प्लाझ्मा दिला आणि ते घरी आले' हे खोटं होतं का? नाही. पण कोविडचे बहुतेक रुग्ण प्लाझ्माशिवायही बरे होत होते. शिवाय काकांना ऑक्सिजन आणि इतर औषधंही मिळत होती. प्लाझ्मा दिला नसता तर काय झालं असतं, हे एका काकांकडे बघून कधीच कळत नाही. त्यासाठी तशाच आजारी लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करावे लागतात: एकाला प्लाझ्मा, दुसऱ्याला नाही, बाकी उपचार सारखे.

अमेरिकेत 35 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमली, पण असा दुसरा गटच नव्हता. भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी सात दिवसांत 8.9 टक्के दगावले, कमी अँटीबॉडीवाल्यांपैकी 13.7 टक्के. म्हणजे शंभरामागे साधारण पाचांचा फरक, तोही दोन्हीकडे प्लाझ्माच दिलेला असताना. हाच फरक 'मृत्यू 35 टक्क्यांनी कमी' असाही सांगता येतो. ऑगस्ट 2020 मध्ये तिथल्या एफडीएचे प्रमुख तर शंभरातले 35 जण वाचले असते असं बोलून गेले. दुसऱ्याच दिवशी आपल्यावरची टीका रास्त असल्याचं त्यांना मान्य करावं लागलं.

आयसीएमआरनं मात्र रीतसर दोन गट केले. 39 रुग्णालयं, 464 रुग्ण. आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला असे रुग्ण प्लाझ्मा गटात 19 टक्के आणि दुसऱ्या गटात 18 टक्के निघाले.

इथे घाईनं 'प्लाझ्मा निरुपयोगी' म्हणायचा मोह होतो. पण अशा निकालाला एक शेपूट असतं, त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. बातमीत ते सहसा येत नाही. या अभ्यासात ते 0.71 ते 1.54 होतं. सोप्या भाषेत, प्लाझ्मामुळे धोका 29 टक्क्यांनी घटतो किंवा 54 टक्क्यांनी वाढतो, यातलं काहीही खरं असलं तरी या आकड्यांशी ते जुळलं असतं. फायदा दिसला नव्हता, पण फायदा नाहीच असं छातीठोक सांगण्याइतके रुग्णही नव्हते. प्लाझ्मामध्ये पुरेशा अँटीबॉडी आहेत का, हे आधी तपासलं नव्हतं, हा आक्षेपही चुकीचा नव्हता.

उत्तर ब्रिटनमधून आलं. तिथल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयात दाखल झालेले 11,558 रुग्ण होते आणि प्लाझ्मा भरपूर अँटीबॉडीवाला होता. 28 दिवसांतले मृत्यू: दोन्ही गटांत 24 टक्के. शेपूटही आखूड, 0.93 ते 1.07. मे 2021 मध्ये हे सविस्तर छापून आलं आणि त्याच महिन्यात, 17 तारखेला, भारतानं प्लाझ्मा उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून काढला.

अर्जेंटिनातल्या एका चाचणीत मात्र वयस्कर लोकांना लक्षणं सुरू झाल्यापासून 72 तासांच्या आत, आजार हलका असतानाच प्लाझ्मा दिला, तेव्हा श्वसनाचा गंभीर त्रास 31 वरून 16 टक्क्यांवर आला. हा प्रश्नच वेगळा, त्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांबद्दलच्या निष्कर्षाला त्यानं धक्का लागत नाही. शिवाय तो अभ्यास अवघ्या 160 जणांचा होता आणि कोविडचे रुग्ण कमी झाल्यानं मुदतीआधीच थांबला होता.