शूरांचे नियम कुणासाठी?

पनवेल तालुक्यातल्या प्रबळगडाकडे जाणारे बहुतेक जण शेजारच्या कलावंतिणीच्या सुळक्याचे फोटो काढून परततात. गडाची कथा फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी याचे नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला होता. मराठ्यांशी लढताना इथला राजपूत किल्लेदार केसरसिंग पडला आणि स्त्रियांनी जोहार केला. त्याची म्हातारी आई नातवंडांना घेऊन लपून बसली होती. शिवाजी महाराजांनी तिला मानाने पालखीतून तिच्या माणसांकडे पोचवले, असे सांगतात.

युरोपातल्या मध्ययुगीन वीरकथा वाचणाऱ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. टॉमस मॅलरीच्या पंधराव्या शतकातल्या ग्रंथात आर्थर राजाचे सरदार दरवर्षी शपथ घेतात: दयेची याचना करणाऱ्याला जीवदान द्यायचे, स्त्रियांवर अत्याचार करायचा नाही, अन्यायाच्या लढाईत उतरायचे नाही. बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्रुआच्या कथेत आर्थरच्या राणीला शोधायला निघालेला सरदार लान्सलॉट गुन्हेगारांच्या गाडीत चढताना दोन पावलांपुरता कचरतो, तर तेवढ्यावरून राणी त्याच्याकडे पाठ फिरवते. निष्ठेची कसोटी इतकी कडक!

पण ती कुलीन स्त्रीपुरतीच. त्याच शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कापेलानुसने प्रेमाचे नियम सांगणारा ग्रंथ लिहिला. शेतकरणीवर मन गेले तर थोडी बळजबरी करायला हरकत नाही, असा सल्ला त्यात आहे. वाचून संताप येतो.

आपल्याकडे १६४६ मध्ये रांझे गावच्या पाटलाने स्त्रीवर अत्याचार केला, तेव्हा शिवरायांनी त्याची पाटीलकी काढून घेतली आणि हातपाय तोडायची शिक्षा दिली. १६७३ मध्ये त्यांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्राचा विषय तर दाणा आणि वैरण. वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांकडचे दाणे, भाजी उचलाल आणि रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गवत पेटेल, इतक्या बारकाव्याने लिहिले आहे.

राणीसाठी काय करावे हे वीरकथांनी शिकवले. शिपायाने कुणब्याच्या दारात काय करू नये, हे या पत्रात हुकूम म्हणून आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. मुलांना लान्सलॉटच्या गोष्टी जरूर सांगा, पण हे पत्रही एकदा मोठ्याने वाचून दाखवा.