गटारीची संध्याकाळ

करी रोड स्टेशनचा पूल उतरतो तेव्हा सात वाजत आले आहेत. पाऊस भुरभुरतोय. आज आषाढ अमावास्या. घरी वहिनी दिवे घासूनपुसून पाटावर मांडतेय. इथे रस्त्यावर मात्र गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून चिकनच्या दुकानापुढे रांग, वाईन शॉपच्या जाळीपुढे त्याहून मोठी. दादा मान खाली घालून चालतोय. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे एएची, आजची मीटिंग ओपन आहे, घरच्यांनाही येता येतं, म्हणून मी सोबत.

वाईन शॉप तो न बघता ओलांडतो. मला हायसं वाटतं. पण लालबागच्या चिवडा गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय थांबतात. तळणीचा, लसणाचा, कढीपत्त्याचा वास. चखणा! कित्येक वर्षं या वासापाठोपाठ घशाखाली दारू उतरत आली, ती जोडी मेंदूने पक्की धरून ठेवली आहे. बाटली दिसायचीही गरज नसते. नुसत्या चाहुलीने डोपामाईन उसळतं आणि शरीर मागायला लागतं. तो आवंढा गिळतो, पुन्हा गिळतो. कपाळावर घाम.

"तू हो पुढे. मी सुट्टे करून येतो."

"दादा, सकाळी गोळी घेतलीयस."

"माहितीय मला!" तो खेकसतो. डायसल्फिरामची गोळी रोज सकाळी वहिनी हातावर ठेवते. त्यावर दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. ती गोळी भीती घालते. तलफ मात्र कमी करत नाही. आत्ता त्याला भीतीही आहे आणि तलफही आहे.

त्याचा हात खिशात जातो. माझा श्वास अडकतो. बाहेर येतो तो फोन. "काका, चिवडा गल्लीपाशी आहे. तलफ आलीय."

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, हॉटेलच्या बारमधला गलका कानावर येत असताना, बिल विल्सन असाच फोनकडे वळला होता. दुसरा कुणी दारुडा बोलायला मिळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्या खटपटीतून डॉ. बॉब भेटले आणि एए उभी राहिली.

काका, म्हणजे दादाचे स्पॉन्सर, एएतले त्याला सांभाळून घेणारे जुने सदस्य, छत्री घेऊन येतात. बेस्टमधून निवृत्त झालेला माणूस. उपदेश करत नाहीत.

"दुपारी जेवलास?"

दादा मान हलवतो. नाही.

"कुणाशी वाजलं?"

"सुपरवायझरशी."

"झोप?"

"नाईट करून आलोय."

भूक, राग, एकटेपणा, थकवा. एएत ही चौकडी सगळ्यांना पाठ असते. तिच्यातले तिघे आज हजर आहेत. काका त्याला रस्ता ओलांडून वडापावच्या गाडीशी नेतात, गोडमिट्ट चहा सांगतात. "आधी खा. प्यायची की नाही ते खाल्ल्यावर बघू."

दारू सुटावी म्हणून घराघरांतून देवाच्या, मुलाबाळांच्या शपथा घातल्या जातात. मला त्यांचा राग येतो. शपथ घेतलेला माणूस तलफ आली की ती लपवतो, आणि लपवलेल्या तलफेला सोबतीला फक्त बाटली उरते.

"कुठं जाणवतंय?" काका विचारतात.

"जबड्यात. छातीत."

"दहापैकी किती?"

"नऊ."

ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाट म्हटलं: तिला ढकलायचं नाही, तिच्यामागे वाहायचंही नाही, ती चढते कशी आणि उतरते कशी ते बघत राहायचं. खतपाणी घातलं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ती ओसरते. काकांनी मार्लाटचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. ते घड्याळ बघतात, पावसाबद्दल बोलतात, पुन्हा विचारतात. "सात." शेजारून काळी पिशवी घेतलेला एक जण जातो, आत बाटल्या किणकिणतात. "आठ." काका नुसते मान डोलावतात. दुसरा चहा येतो. "पाच... चारच धरा." खांदे खाली येतात. दादा आणखी एक वडापाव मागतो.

मीटिंगची जागा म्हणजे महापालिकेच्या शाळेतला वर्ग. बुटक्या बाकांवर मोठमोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली आहेत. पाळी आल्यावर दादा उठतो. "आज चिवड्याच्या वासाने तलफ आली. फोन केला. अजून थोडी आहे." टाळ्या वाजतात.

मागच्या बाकावर एक पोरगेला मुलगा आहे, पहिल्यांदाच आलेला. कालपासून घेतली नाही म्हणतो. मीटिंग संपल्यावर तो दारातच घुटमळतो, बाहेर रस्ता फुललेला. दादा त्याला आपला नंबर लिहून देतो.

"कुठल्या बाजूला जाणार? चल, मागच्या गल्लीने जाऊ. रात्री दोनला वाटलं तरी फोन कर." मग त्याचं लक्ष मुलाच्या हाताकडे जातं. कागद फडफडतोय. "काका, याचा हात बघा. एकदम सोडली की फिट येऊ शकते. याला आत्ताच केईएमला नेऊ या."

काका टॅक्सीला हात करतात.