‘रक्त पातळ करायची’ गोळी

हृदयाची झडप बदललेले माणूस घरात असले की त्याच्या औषधांत एक बारीक गोळी असते. मानोऱ्याकडे तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. या नावानेच घोटाळा होतो, असे आम्हाला वाटते. रक्त तिने पाण्यासारखे होत नाही. ते गोठायला वेळ लागतो, एवढेच.

विळा लागून बोट कापले, की आधी रक्तातल्या प्लेटलेट्स जखमेवर एकमेकींना चिकटतात. मग त्यांच्यावर फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे बसते आणि रक्त थांबते. हीच गुठळी हृदयात धरली आणि सुटून मेंदूत गेली, तर लकवा होतो. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. वॉरफेरिन आणि अ‍ॅसिनोकुमॅरॉल या गोळ्यांचे काम यकृतात चालते. ‘के’ जीवनसत्त्व वापरून यकृत जे गोठवणारे घटक बनवते, ते या गोळ्यांमुळे नीट बनत नाहीत. झालेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन वेगळे. ते झटक्यानंतर पहिल्या काही तासांतच उपयोगी. छातीत कळ आली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

वॉरफेरिनचा जन्म गोठ्यातला. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे ही गोळी निघाली. १९४८ मध्ये ती उंदीर मारायला आली, १९५४ पासून माणसांना दिली जाते. घाबरू नका, फरक मात्रेचा आहे. ती मात्रा ठरवायलाच आयएनआर ही रक्ततपासणी असते.

तपासणीला वाशीम-अकोल्याला जायचे म्हणजे रोज बुडतो. २०२३ पासून बायांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, पण बुडालेली मजुरी कोण देणार? मग ‘बरे वाटते, सोडा गोळी’ असे घरातलेच म्हणतात. पण गुठळी धरताना दुखत नाही. धातूची झडप असलेल्याने गोळी सोडली, तर झडपच अडकू शकते.

मेथी-पालक बंद करायची गरज नाही. रोज बेताचीच खावी. आठवडाभर नाही आणि बाजाराच्या दिवशी ताटभर, असे नको. अंगदुखीची गोळी मनाने दुकानातून आणू नये. संडास डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना गाठावा. दिवस राहिले असतील, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. वॉरफेरिन पोटातल्या बाळाला बाधते. दात काढायचा असला तरी आधी ही गोळी दाखवावी आणि थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे.