काम कारागिराचे, पगार मदतनिसाचा : हक्क कुठवर?

मदतनीस म्हणून ठेवलेला तरुण दोन-तीन वर्षांत वेल्डिंग शिकतो, एकट्याने ग्रिल बनवून देऊ लागतो. पगार मात्र मदतनिसाचाच राहतो. पनवेलमधील गॅरेज, फर्निचर व शिलाईच्या धंद्यांतील आपल्या बांधवांना हे नवे नाही. वाढ मागितली की ‘तुला कारागीर म्हणून नेमले कुणी?’ असा प्रश्न येतो. कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो, हे आपण समजून घेऊ.

प्रथम सरकारी नोकरीतील दोन निकाल. अंदमानातील एका प्राथमिक शिक्षकाने १९९२ ते १९९५ या काळात शिक्षण खात्यात स्काउट सचिवाचे काम पाहिले. रीतसर बढती नव्हती. तरीही त्या मुदतीचा पगार त्या पदाप्रमाणे द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ठरविले. त्याच वर्षी चंदिगढच्या एका कनिष्ठ अभियंत्याचे प्रकरण आले. वरच्या पदाचा पगार मागणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतल्याचे सांगण्यात आले. अशी लेखी हमी कायद्यापुढे टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

मोबदल्याचा हक्क असा कामाबरोबर येतो. नोकरीत कायम होण्याचा दावा मात्र वेगळा. आपल्या एसटी महामंडळातील गाड्या धुणाऱ्या कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली उचलून धरला. त्यासाठी त्यांना अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली लढावे लागले.

हे निकाल सरकारी व महामंडळाच्या नोकरीतील आहेत. खाजगी दुकान-कारखान्याला लागतो तो किमान वेतनाचा नियम. अकुशल, अर्धकुशल व कुशल असे कामाचे वर्ग असून प्रत्येकाचा दर निराळा असतो. एकाच माणसाने दोन वर्गांचे काम केले, तर ज्या कामात जितका वेळ गेला, त्याला त्या वर्गाचा किमान दर द्यावा लागतो. १९४८ च्या कायद्यातील हा नियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. मात्र मिळणारा पगार कुशल दराहून आधीच जास्त असेल, तर या नियमाचा आधार नाही. तेथे वाढ आपसांत ठरवावी लागते.

कामगार बांधवांनी काम बदलल्याची तारीख, आपल्या सहीची चलने व कामाच्या नोंदी जपाव्यात आणि मागणी लेखी द्यावी. मालकांनी काम बदलताच हजेरीपटावर नवा वर्ग, दर व तारीख लिहावी. बदली काम असेल तर मुदतही लिहावी. कामगार उपायुक्तांच्या कचेरीत हिशेब मांडण्याची वेळ आलीच, तर तेथे तोंडी सांगण्यापेक्षा ही नोंदच दोघांच्या उपयोगी पडते.