सत्तर बाय नव्वद

जुलै २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात दोन बड्या परदेशी नावांच्या गाड्या एकदम हप्त्यावर घेण्याजोग्या झाल्या. तीन तारखेला हार्ले-डेव्हिडसनची एक्स ४४० आली, हीरोबरोबर बनवलेली. पाच तारखेला बजाज आणि ट्रायम्फने स्पीड ४०० ची किंमत फोडली : शोरूमला २ लाख ३३ हजार, पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना दहा हजारांनी कमी. दोन्ही गाड्या एकाच सिलिंडरच्या. दोन्हींचा तोंडवळा जुना. स्पीड ४०० ची आखणी इंग्लंडात हिंकलीला झाली, पण गाडी बनते पुण्याजवळ चाकणला, त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत तिच्याकडे जरा माहेरच्या माणसासारखं पाहिलं गेलं.

त्याच वर्षी जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे दोरीच्या अलीकडून पाहायचं, हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी तसल्याच चेहऱ्याची गाडी बडोद्याच्या निजामपुऱ्यात पानाच्या गल्ल्यासमोर साइड स्टँडवर उभी दिसू लागली आणि तिला वाटेल त्याने हात लावावा.

अशा गाडीची परीक्षा घ्यायला निजामपुऱ्यासारखी जागा नाही. खाली फतेहगंज आणि युनिव्हर्सिटीची होस्टेलं, वर छाणी जकातनाका, आणि त्यापलीकडे फर्टिलायझरनगर नि रिफायनरी. एका अंगाला कॉलेजची पोरं, दुसऱ्या अंगाला आयुष्यभर शिफ्टला गाडी हाकलेले निवृत्त लोक. गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न गुजरातीत येतो, ‘केटली ॲव्हरेज आपे?’ दुसरा मराठीत, ‘आवाज कसा आहे?’ इंजिनाची ताकद किती, हे तिसऱ्या नंबरावर.

स्पीड ४०० चालवून आलेल्यांशी बोलत गेलो तेव्हा पहिल्या बैठकीची मतं आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघाली. रंगकाम आणि जोडकाम किमतीच्या मानाने फार नेटकं. क्लच लोण्यासारखा. वजन १७६ किलो, सीटची उंची ७९० मिलिमीटर, म्हणजे साधारण उंचीच्या माणसाचे पाय सरळ टेकतात. पिकअप अंगावर येणारा. मग तक्रारी : सहा हजार आरपीएमच्या वर हँडलला आणि फूटरेस्टला बारीक मुंग्या येतात, गिअर सारखे बदलावे लागतात, आणि ‘बीट’ नाही. हा शेवटचा शब्द वयस्कर माणसं विशेष दुःखाने उच्चारतात.

बीट नाही, याचं कारण सायलेन्सरमध्ये शोधून सापडत नाही. ते इंजिनाच्या दोन मापांत आहे. रॉयल एनफील्डच्या जुन्या ३५० बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद, हा बोअर, आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, हा स्ट्रोक. गॅरेजवाला त्याला ‘सत्तर बाय नव्वद’ म्हणतो आणि तेवढ्यावर ३४६ सीसीचा हिशोब पुरा होतो. लांब धाव असली की पिस्टनला वरखाली करायला जास्त अंतर कापावं लागतं, इंजिन फार फिरवता येत नाही, पण कमी फेऱ्यांत ओढ चांगली मिळते. चार स्ट्रोकचं एकेरी इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतं. नऊशे आरपीएमवर उभ्या गाडीत सेकंदाला सात-आठ स्फोट होतात. कानाला ते जवळजवळ सुटे ऐकू येतात. हीच ती धडधड.

स्पीड ४०० चं माप आहे ८९ बाय ६४. बुलेटच्या नेमकं उलट : सिलिंडर रुंद, धाव तोकडी. हे इंजिन फिरायलाच बनवलं आहे. चाळीस पीएस ताकद ८,००० आरपीएमला आणि साडेसदतीस न्यूटन मीटरचा टॉर्क ६,५०० ला मिळतो. रॉयल एनफील्डच्या २०२१ च्या क्लासिकचा टॉर्क २७ न्यूटन मीटर, म्हणजे कमीच, पण तो ४,००० लाच हातात येतो. त्या गाडीचं माप ७२ बाय ८५.८. होंडाने २०२० मध्ये हायनेस सीबी ३५० आणली तेव्हा तर बोअर सरळ सत्तरच ठेवला आणि स्ट्रोक साडेनव्वद. जपानी कंपनीने भारतात येऊन मद्रासच्या गाडीचं माप उचलावं, याहून मोठं प्रशस्तिपत्र बुलेटला कोणी दिलेलं नाही.

गंमत पुढे आहे. लांब स्ट्रोक ठेवला तरी क्लासिक आणि हायनेस दोघींच्या पोटात बॅलन्सर शाफ्ट आहे. पिस्टनच्या धक्क्याला उलटा धक्का देऊन तो थरथर मारतो. म्हणजे आवाज जुना ठेवायचा आणि हादरा काढून टाकायचा. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त फिटरने बिडाच्या इंजिनाची बुलेट वीस-बावीस वर्षं चालवली. नव्या क्लासिकवर बसून, बटन दाबून, त्याने टाकीवर पंजा ठेवला आणि विचारलं, ‘ही हलत का नाही?’ त्याच्या पिढीला गाडी चालू करणं हेच एक काम होतं. ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर दाबून पिस्टन जागेवर घ्यायचा, मग पूर्ण अंग टाकून किक. चुकलं तर किक उलटी येऊन घोटा सुजायचा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आता क्लासिक, हायनेस, स्पीड ४००, एकीलाही किक नाही. त्या फिटरला ते खटकलं, त्याच्या मुलाच्या लक्षातही आलं नाही. मला मुलाचं पटतं. घोटा सुजण्यात काव्य होतं असं सुजलेल्या माणसाने कधी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

स्पीड ४०० बद्दल मात्र एक प्रश्न कोणी विचारत नाही : ही नेमकी कोणत्या जुन्या गाडीसारखी दिसते? ट्रायम्फची कीर्ती दोन सिलिंडरवर उभी आहे. १९३७ ची स्पीड ट्विन, १९५९ ची बॉनव्हिल. एकेरी इंजिनाची त्यांची गाजलेली गाडी म्हणजे १९५० च्या दशकातली टायगर कब, जेमतेम २०० सीसीची. स्पीड ४०० ला टाकी, गोल दिवा आणि एकूण बांधा मिळाला आहे तो थोरल्या दोन सिलिंडरवाल्या बहिणींचा. इंजिन पाण्याने थंड होतं, पुढे रेडिएटर आहे, तरीही हेडवर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पट्ट्या काढल्या आहेत. मला यात फसवणूक वाटत नाही, पण जुन्या गाडीचा वारसा म्हणून कोणी ती विकत घेत असेल तर त्याने एवढं जाणून असावं.

नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवली की काय होतं, ते जावाने दाखवलं. १५ नोव्हेंबर २०१८ ला ती मुंबईत पुन्हा अवतरली आणि लोकांनी गाडी चालवून न पाहता पैसे भरले. नाताळापर्यंत ऑनलाइन नोंदणी बंद करावी लागली. मार्च २०१९ पासून गाड्या हळूहळू घरी येऊ लागल्या आणि म्हैसूरच्या जावावर वाढलेल्यांचा कान हिरमुसला. ती दोन स्ट्रोकची, अडीचशे सीसीची, निळा धूर सोडणारी होती. ही चार स्ट्रोकची, २९३ सीसीची, पाण्याने थंड होणारी. दोन सायलेन्सर तसेच होते, टाकीचा मरून रंग तसाच होता. आवाज तसा येणं शक्यच नव्हतं.

शोरूमची चक्कर दोन किलोमीटरची असते, सकाळची असते आणि मागे कोणी बसलेलं नसतं. बडोद्याचा मे महिना बेचाळीस अंशांचा. डिलक्स चार रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं की स्पीड ४०० चा रेडिएटर पंखा सुरू होतो आणि गरम हवा पायांवर येते. आरसे हँडलच्या टोकांना आहेत, दिसायला फार देखणे. रिक्षांच्या मधून गाडी काढताना मात्र गाडीची रुंदी आरशांनी मोजावी लागते. आणि मागची सीट. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पायाला आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं आवरण मागतो. त्या आवरणाला आपण साडी गार्ड म्हणतो आणि पोरं ते पहिल्या आठवड्यात काढून टाकतात. गाडीची सगळी परीक्षणं पुढे बसणाऱ्यांनी केलेली असतात. घरातल्या बाईचं मत पावागढहून परत आल्यावर कळतं, आणि ते बहुधा अंतिम असतं.

पावागढचाच रस्ता स्पीड ४०० चा खरा. हालोलकडे मोकळा मार्ग लागला की सहावा गिअर पडतो, शंभराच्या खाली इंजिन गुळगुळीत राहतं, आणि माचीच्या चढणीला, जिथे जुनी बुलेट दुसऱ्यात कण्हायची, तिथे ही तिसऱ्यात निघून जाते. चांपानेरच्या कोटाशी चहाला थांबलेल्यांत या गाडीचा मालक ओळखू येतो : तो मायलेजबद्दल बोलत नाही.

आता व्यवहाराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना, उपकर धरून ३१ टक्के होता तो, ४० झाला. क्लासिक ३४९ सीसीची, हायनेस ३४८ ची, दोघी रेषेच्या आत. स्पीड ४०० आहे ३९८ ची.

तेव्हा निजामपुऱ्यातून रोज मकरपुरा जीआयडीसी गाठायची असेल, म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं असेल, तर साडेतीनशेची लांब स्ट्रोकची गाडी घ्यावी. तिसऱ्या गिअरात ती निमूट ओढत राहते आणि करही वाचतो. रविवारच्या हालोल रस्त्यासाठीच गाडी हवी असेल तर चाकणची. दोन्हींपैकी कोणतीही घ्या, चक्कर दुपारी दोन वाजता मारा, आणि मागे बसणाऱ्या माणसाला बरोबर न्या.