बॉयलरची खोली, धुराडे आणि हवेची वाट

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौदाव्या अध्यायात, जेन्ताक स्वेदासाठी जे कूटागार वर्णिले आहे त्यास अनेक वातायने सांगितली आहेत. लाकडे नीट जळून धूर निघून गेल्यावरच रुग्णाने आत जावे, आणि घामाने वा मूर्च्छेने व्याकूळ झाला तरी ओट्याचा आधार सोडू नये, अन्यथा दार न सापडता प्राणास मुकेल, असा इशाराही तेथे आहे. त्याच अध्यायातील कुटीस्वेदाची कुटी मात्र गवाक्षरहित असून तीत निखाऱ्यांनी भरलेल्या शेगड्या ठेवावयाच्या आहेत. हा दुसरा विधी आज कोणी जसाच्या तसा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धूर नसणे आणि विषारी वायू नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. डोळ्यांना न झोंबणारा निर्धूम निखाराही भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो.

हे मी ग्रंथ वाचून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, जव्हार येथील माझ्या औषधशाळेत काढ्याच्या वाफेसाठी बसविलेल्या लहान लाकडी बॉयलरवरील मदतनिसास रोज दुपारी डोकेदुखी व मळमळ होऊ लागली. पित्तज शिरःशूल समजून मी त्यास सूतशेखर दिला. चौथ्या दिवशी शेजारी वनस्पती निवडणाऱ्या बाईंचीही तीच तक्रार आली. रविवारी मात्र दोघेही ठणठणीत! तेव्हा कुठे माझे लक्ष भिंतीकडे गेले. पावसाची झड आत येते म्हणून खालच्या व वरच्या झरोक्यांवर मीच ताडपत्री बांधून घेतली होती. जव्हार-मोखाड्याचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या मोहाचे आश्चर्य वाटणार नाही.

हवेचा हिशेब साधा आहे. १ किलो एलपीजी पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते; १ किलो सुक्या लाकडास ४ ते ५ घनमीटर, आणि प्रत्यक्षात याहून बरीच अधिक. १० फूट लांब, रुंद व उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. म्हणजे तासाला ३ किलो गॅस जाळणारा बॉयलर बंद खोलीतील सर्व हवा एका तासाच्या आतच वापरू पाहील. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते. गॅसची निळी ज्योत पिवळी पडून भांड्यास काजळी धरू लागली, तर ती त्याचीच खूण समजावी. पावसाळ्यात भर पडते ती ओल्या सरपणाची. उष्णता पाणी उडविण्यात खर्च होते, धुराडे थंड राहते आणि धुराची ओढ मंदावते.

म्हणून बॉयलरच्या खोलीस बाहेरची हवा आत घेणारा एक झरोका जमिनीलगत आणि उष्ण हवा बाहेर सोडणारा दुसरा छताजवळ असावा. दोन्ही कधीही बंद करता येऊ नयेत. झड अडवावयाची असेल तर तिरप्या पट्ट्या किंवा बाहेरून पत्र्याची पडवी करावी, ताडपत्री नव्हे. गॅस वापरणाऱ्यांस खालचा झरोका दुहेरी उपयोगाचा आहे, कारण गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवरच साचतो. कार्बन मोनॉक्साइडचे तसे नाही. तो जवळजवळ हवेच्याच वजनाचा असल्याने खोलीभर मिसळतो.

धुराडे शक्यतो सरळ उभे, छपराच्या आढ्याहून किमान ३ फूट उंच न्यावे. आडवा भाग टाळता न आल्यास आखूड व चढता ठेवावा. टोकावरील टोपी पाऊस अडवील पण धूर कोंडणार नाही एवढी मोकळी हवी. पावसाळ्यापूर्वी काजळी काढावी, पक्ष्यांची घरटीही पाहावी. आणखी एक गोष्ट फार्मसीमालकांच्या ध्यानात सहसा येत नाही. चूर्णयंत्राचा धूळ ओढणारा पंखा किंवा वाळवणीच्या खोलीतील एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, आणि तिची भरपाई झाली नाही तर तो धुराड्यातील धूरच उलटा खोलीत ओढतो. माझ्याकडे झरोके झाकल्यावर नेमके हेच होत होते. परीक्षा सोपी आहे. दारे-खिडक्या लावून सर्व पंखे चालू करावेत, बॉयलर पेटवून काही मिनिटांनी भट्टीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर ठीक; बाहेर आला तर काम तत्काळ थांबवावे. जोडीस कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे भोंग्याचे यंत्र लावावे. उदबत्ती त्या क्षणापुरतेच सांगते.

शेड्यूल टी मध्ये भट्टी विभागास पत्र्याचे छप्पर चालते, परंतु वायुवीजन योग्य हवे. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची उपकरणे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. आपल्या पंचकर्म कक्षातील लहान वाफयंत्रे बहुधा यातच मोडतात. ती पाहावयास कोणी निरीक्षक येत नाही, हे लक्षात घ्यावे.

एकाच जागी काम करणाऱ्या अनेकांस एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर दोषविचारापूर्वी खोलीचा विचार करावा. बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्यास प्राणवायुयुक्तच भासते, आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण बुडत असतो. अशा रुग्णास आधी मोकळ्या हवेत आणावे, भट्टी विझवावी आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात, विनाविलंब पोहोचवावे. साध्या हवेत रक्तातील या विषाचे प्रमाण निम्मे होण्यास ४ ते ५ तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे १ ते दीड तास. सोबत पाठविणाऱ्याने डॉक्टरांना बंद खोलीतील भट्टीची हकीकत आवर्जून सांगावी. ती न कळल्यास तेथेही पित्ताचेच औषध मिळण्याचा संभव आहे.