वाईट दिवसाचे कार्ड

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रविवारी मी अठरा होल खेळून परतलो, मोटारीत बसलो आणि फटक्यांची बेरीज केली. ती ११९ भरली. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे पहिल्या बेरजेवर विश्वास ठेवण्याची सवय नाही. म्हणून खालून वर पुन्हा केली. तरीही ११९. ते कार्ड मी घडी घालून खिशात ठेवले आणि क्लबच्या पेटीत न टाकता घरी घेऊन आलो.

गोल्फशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. हातातील काठीने चेंडू मारीत तो कमीत कमी फटक्यांत जमिनीतील एका लहान छिद्रात घालायचा, एवढाच हा खेळ. अशी छिद्रे, म्हणजे होल, अठरा. प्रत्येक होलला निष्णात खेळाडूस किती फटके लागावेत याचे मान ठरलेले असते. त्याला 'पार' म्हणतात आणि बहुतेक मोठ्या मैदानांवर त्याची बेरीज ७२ च्या आसपास असते. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला फलंदाज निदान तंबूत जाऊन बसू शकतो. गोल्फमध्ये बाद होण्याची सोय नाही. दिवस बिघडला तरी चार-साडेचार तास, सोबत्यांच्या देखत, आपलाच चेंडू शोधीत हिंडावे लागते. दोष द्यायला गोलंदाज नाही, पंच नाही, समोरचा संघही नाही.

त्या दिवशी नवव्या होलच्या वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, मी पाच फटके घालवले. पाचव्यानंतर आमचे कॅडी, जे माझ्याच वयाचे आहेत, हळूच म्हणाले, "साहेब, पाणी घ्या थोडं." त्या शब्दांतील करुणा मला चेंडूपेक्षा जास्त लागली.

हा खेळ मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकलो. छावणीच्या गावी शाखाधिकारी म्हणून बदली झाली होती. आमच्याकडे पेन्शनचे खाते असलेल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मला एका सकाळी मैदानावर नेले आणि त्यानंतर मी काही सुटलो नाही. निवृत्तीनंतर आम्ही दोघे योगायोगाने एकाच शहरात स्थायिक झालो. दर रविवारी पहाटे त्यांची मोटार आमच्या दारात उभी राहू लागली.

११९ च्या त्या संध्याकाळी माझा चेहरा पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "बँकेतून यायचात तेव्हाही असंच तोंड असायचं. पण तेव्हा निदान पगार तरी मिळायचा." यावर उत्तर नव्हते. मी अभ्यासिकेत जाऊन बसलो आणि आपल्याहून वाईट कोण कोण खेळले आहे ते वाचू लागलो. दुःखी माणसाची ही जुनीच खोड आहे.

पहिले नाव सापडले मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट यांचे. इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस या गावच्या जहाज कारखान्यात हे गृहस्थ क्रेन चालवीत. दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहून त्यांना हा खेळ खेळावासा वाटला. ग्रंथालयातील पुस्तक वाचून आणि समुद्रकाठच्या वाळूत सराव करून ते शिकले. १९७६ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी थेट ब्रिटिश ओपन या जगन्मान्य स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी अर्ज भरला. हौशी खेळाडूस त्याच्या कुवतीचा दाखला जोडावा लागे, तो यांच्यापाशी नव्हता. म्हणून त्यांनी अर्जावर स्वतःस व्यावसायिक म्हणून नोंदवले. लिव्हरपूलच्या उत्तरेस फॉर्म्बी येथे ते खेळले आणि पारपेक्षा ४९ अधिक, म्हणजे १२१ फटके घेऊन परतले. एका वार्ताहराने त्यांच्या मातोश्रींना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी मुलगा जिंकला का, असे विचारल्याचे सांगतात. खरा प्रकार कळल्यावर, कुठून तरी सुरुवात करावीच लागते, असेही त्या म्हणाल्या. आयोजक संतापले, त्यांनी नियम कडक केले. फ्लिटक्रॉफ्ट मात्र पुढेही खोट्या नावांनी आणि वेष पालटून पात्रता फेरीत शिरत राहिले. पुढे अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका क्लबाने त्यांच्या नावाने स्पर्धा भरवली आणि त्यांना सन्मानाने बोलावले. २००७ साली ते वारले. २०२१ मध्ये त्यांच्यावर इंग्रजी चित्रपट निघाला.

प्रामाणिकपणे सांगतो, १२१ हा आकडा वाचून मला बरे वाटले. माझ्याहून दोन फटके जास्त!

दुसरे उदाहरण अमेरिकेतील अँजेलो स्पॅग्नोलो यांचे. १९८५ साली तेथील एका गोल्फ मासिकाने देशातील सर्वांत वाईट हौशी खेळाडू शोधून काढण्यासाठी फ्लोरिडातील सॉग्रास येथे चौघांची स्पर्धा भरवली. तेथील सतरावा होल पाण्यातल्या बेटावर आहे. स्पॅग्नोलो यांचे २७ चेंडू पाण्यात गेले. अखेर बेटाकडे जाणाऱ्या वाटेवरून चेंडू हळूहळू ढकलीत नेण्यास त्यांना सुचवावे लागले. पार ३ असलेल्या त्या एका होलला त्यांना ६६ फटके लागले. दिवसाची बेरीज २५७. ती बेरीज सर्वांदेखत मोजली गेली, लिहिली गेली आणि छापूनही आली. माझे ११९ मात्र लेंग्याच्या खिशात होते.

या दोघांवर हसून झाल्यावर मी बॉबी जोन्स यांच्यापाशी आलो आणि हसू ओसरले. हौशी खेळाडूंत त्यांच्या तोडीचा दुसरा झाला नाही असे मानतात. अ‍ॅटलांटाचे हे वकील आयुष्यभर हौशीच राहिले, खेळून पैसा मिळवला नाही. १९२१ साली, एकोणीस वर्षांचे असताना, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपन खेळताना त्यांचा तिसरा डाव बिघडला. पहिल्या नऊ होलांना ४६ फटके गेले. अकराव्या होलला चेंडू खोल बंकरमध्ये अडकला, फटक्यांवर फटके गेले, आणि त्यांनी तो हाताने उचलून डाव सोडला. ही आपल्या खेळातील मोठी नामुष्की होती, असे त्यांनी पुढे मान्य केले. त्याच मैदानावर १९२७ साली त्यांनी ओपन जिंकली. १९३० साली एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, त्यांतली एक पुन्हा सेंट अँड्र्यूजलाच. १९५८ साली त्या गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. तोपर्यंत मज्जारज्जूच्या विकाराने त्यांचे चालणे दुष्कर झाले होते. बेंजामिन फ्रँकलिन यांच्यानंतर हा मान मिळालेले ते पहिलेच अमेरिकन.

त्यांचीच आणखी एक हकिगत मला अस्वस्थ करून गेली. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे, उंच गवतात फटक्याच्या तयारीत असताना त्यांचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. त्यांनी स्वतः होऊन एक फटका दंड लावून घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत ते एका फटक्याने हरले. लोकांनी प्रामाणिकपणाची वाहवा केली, तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, बँक लुटली नाही म्हणून माझी स्तुती कराल काय? इतकी उदाहरणे असताना बँकेचेच उदाहरण त्यांना सुचावे! मी पुस्तक मिटून ठेवले. कार्ड मात्र कपाटाच्या खणात टाकले, वीजबिलांच्या खाली.

आता जी गोष्ट सांगायची ती थोडी हिशेबाची आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

वाईट दिवसाची व्यवस्था गोल्फने फार शहाणपणाने केली आहे. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाचे एक शल्यचिकित्सक होते. एकाच होलला दहा-बारा फटके गेले की माणसाचा सारा दिवस नासतो, हे त्यांनी अनुभवले होते. त्यांनी गुणांची पद्धत काढली: पारइतके फटके लागले तर दोन गुण, एक जास्त तर एक गुण, आणि दोन किंवा अधिक जास्त तर शून्य. शून्याखाली जाणे नाही. चेंडू उचला आणि पुढच्या होलकडे चला. १९३२ च्या मे महिन्यात वॉलसी येथे या पद्धतीची पहिली स्पर्धा झाली. हे वॉलसी म्हणजे फ्लिटक्रॉफ्ट यांच्या फॉर्म्बीपासून मर्सी नदीच्या पलीकडच्या अंगाला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बुडीत कर्जाचे त्या त्या ठिकाणीच निर्लेखन झाले; तोटा पुढच्या खात्यात ओढला जात नाही.

दुसरी व्यवस्था हॅंडिकॅपची. दुबळ्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सवलत मिळते, त्यामुळे नातू आणि आजोबा एकाच स्पर्धेत उतरू शकतात. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या २० कार्डांपैकी सर्वांत चांगली ८ कार्डे धरून हा आकडा काढतात. म्हणजे वीसपैकी बारा दिवस वाईट जाणारच, हे गृहीतच धरलेले आहे. एखाद्या होलला कितीही फटके लागले तरी हिशेबात ते ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात. माझे ११९ मी पेटीत टाकले असते, तर ते त्या बारांत जाऊन निमूट पडले असते. अट एकच: कार्ड द्यायचे, चांगले असो वा वाईट. नवे कार्ड आले की सर्वांत जुने गळून पडते.

मी ते दिले नाही. पुढच्या महिन्यात ११२ झाले, तेही दिले नाही. मग तशी सवयच लागली. पाच महिन्यांत आठ कार्डे खणात जमा झाली. आमच्याकडे ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती उचंत खात्यात ठेवतात. माझा खण म्हणजे तेच. नवी वाईट कार्डे न आल्यामुळे दोन वर्षांपूर्वीची चांगली कार्डे हिशेबात तशीच राहिली आणि माझा हॅंडिकॅप २२ वर टिकून राहिला. क्लबच्या फलकावर तो आकडा पाहून मला बरे वाटे. यात कोणाचे काय गेले, असेही वाटे. जास्त सवलत लाटणारा इतरांना फसवतो. मी तर कमी सवलत घेऊन स्वतःचेच नुकसान करीत होतो.

नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत मी तपासणी विभागात होतो. जुने थकीत कर्ज नव्या कर्जाने फेडून खाते नियमित दाखवणाऱ्या शाखांविरुद्ध मी किती कडक अहवाल लिहिले असतील! ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक म्हणून दाखवलेच पाहिजे, यावर मी तरुण अधिकाऱ्यांना तासतासभर ऐकवीत असे.

फेब्रुवारीत क्लबची जोडीची स्पर्धा आली. दोघांचे स्टेबलफोर्ड गुण एकत्र धरायचे. कर्नलसाहेबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यासाठी ते मुलाकडे बंगळूरला जाणार होते. परत यायचे की तिकडेच राहायचे, हे मुलाच्या हाती होते. ही स्पर्धा त्यांनी कधी जिंकली नव्हती. त्या दिवशी ते विलक्षण खेळले. दुखणाऱ्या गुडघ्यांनी त्यांनी ३७ गुण मिळवले. माझे २७ झाले. एकूण ६४. पहिल्या आलेल्या जोडीचे ६७ होते. बक्षीससमारंभात कर्नलसाहेबांनी सर्वांत मोठ्या टाळ्या वाजवल्या आणि परतीच्या वाटेवर माझ्या खेळाबद्दल एक शब्दही काढला नाही.

रात्री मी खणातली आठही कार्डे काढून हिशेब मांडला. ती वेळेवर दिली असती तर माझा हॅंडिकॅप २७ आला असता. पाच होलांना एकेक फटका जास्त मिळाला असता. त्यांतला एक होल तरीही शून्यच राहिला असता. उरलेल्या चारांना एकेक गुण वाढला असता. ६८. आकडेमोड तीनदा तपासली. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. सामानाची बांधाबांध चालू होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅनेजरसाहेब, एकदा माझ्या पेन्शनमध्ये तीनशे रुपये जास्त जमा झाले होते. तुम्ही रात्री साडेनऊला घरी फोन केला होतात. आठवतं?"

मला आठवत नव्हते.

"मला आठवतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ती कार्डं आहेत अजून?"

आठही कार्डे मी त्याच दिवशी क्लबवर नेऊन दिली. चिटणीसांनी कपाळाला हात लावला, थोडे बोलले, आणि तारखेवार नोंदवून घेतली. फलकावर माझ्या नावापुढे आता २७ आहे. स्पर्धेचा निकाल अर्थातच बदलला नाही.

कर्नलसाहेब बंगळूरलाच आहेत. दर रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचा फोन येतो. "खरा आकडा सांगा," एवढेच विचारतात. मागच्या रविवारी मी ११३ सांगितले.

"नववा होल?"

"आठ. बंकरमध्ये तीन."

ते खूप हसले. मग त्यांनी आपला आकडा सांगितला: त्या दिवशी ते वॉकर न घेता दिवाणखान्यात चौदा पावले चालले होते. आदल्या रविवारी सतरा चालले होते, तेही त्यांनी सांगितले.